वरचा मजला कुठल्या ॲपवर टाकायचा?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या, भाडेकरू ठेवायचा तर ह्यांना नको, कारण दिवाळीला मुलगा आला की खोल्या लागतात. शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अहो, दोन-दोन दिवसांसाठी द्या की, ऑनलाईन टाका. आता टाका म्हणणं सोपं आहे हो, पण टाकायचं कुठं? एअरबीएनबी आहे, बुकिंग डॉट कॉम आहे, मेकमायट्रिप आहे, अगोडा आहे, आणि प्रत्येकजण म्हणतो आमच्याकडं या.

मी पण पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, कमिशन बघितलं. तेव्हा एअरबीएनबीवर मालकाचे साधारण 3 टक्केच जात होते, बुकिंग डॉट कॉमवर 15 च्या आसपास, मग काय, 3 वालं बरं, असं वाटलं. पण ह्यांनी आयुष्यभर यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिले, ते कागद घेऊन बसले. म्हणाले, तू 2000 रुपये रात्र लावलीस, त्यातले 60 गेले, तुला मिळाले 1940. पण तिथं पाहुण्याच्या बिलात सर्विस फी वेगळी चढते, ती 14 टक्के धर, म्हणजे त्याला पडले 2280. आता तोच पाहुणा 2280 द्यायला तयार असेल तर दुसरीकडं 2280 च लाव, 15 टक्के जाऊन 1938 राहतात. दोन रुपयांचा फरक! जीएसटी ह्यात धरलेला नाही. आणि एअरबीएनबीवर सगळी फी मालकाकडनंच कापायचाही प्रकार आहे, तो 15 च्या वरच जातो, त्यामुळं आपल्याला कुठला लागू आहे ते आधी बघायचं.

मग ठरवायचं कशावर? माझं म्हणाल तर, आपल्याकडं येतं कोण ह्यावर. सोलापूर म्हणजे काय महाबळेश्वर नव्हे, इथं कुणी हवा खायला येत नाही, मे महिन्यात तर अजिबातच नाही. येतात ते अक्कलकोटला, तुळजापूरला, पंढरपूरला जाणारे लोक, नाहीतर लग्नाला आलेले, सोबत आजी, दोन पोरं, स्टीलचे डबे. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसेक, म्हणून मुक्काम सोलापूरला टाकायचा. ह्या लोकांना विचारा, पैसे आधी भरणार का? कित्येकजण म्हणतात आल्यावर देतो. बुकिंग डॉट कॉमवर तशी सोय ठेवता येते, पण मग बुकिंग करून न येणारे पण भेटतात, आणि तुम्ही चादरी घालून, खोली उघडून, रात्री दहापर्यंत गॅलरीत उभे. एअरबीएनबी पैसे पाहुण्याकडनं आधी घेतं आणि तो आल्यावर साधारण एका दिवसानं आपल्याकडं सोडतं, त्यामुळं जो बुकिंग करतो तो शक्यतो येतोच. पण आमच्याकडं तिथनं आली ती बहुतेक तरुण मंडळी, लॅपटॉपवाली. आजीबाई घेऊन येणारं कुटुंब जास्त करून मेकमायट्रिप नाहीतर गोआयबीबोवर शोधतं, आणि ते दोन्ही 2017 पासून एकाच घरातले आहेत. व्हर्बो म्हणून एक आहे, तिथं फक्त पूर्ण घरं चालतात, मालकाच्या घरातली नुसती एखादी खोली देणं चालत नाही.

एक गोष्ट मात्र कुठलंही ॲप सांगत नाही. पाणी. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे आपल्याला माहिती आहे, हैद्राबादच्या माणसाला नाही. पहिल्याच पाहुण्यानं टाकी संपवली आणि रिव्ह्यूमध्ये चार ओळी पाण्यावर लिहिल्या. तेव्हापासून मी वर्णनातच लिहिते, पाणी साठवलेलं आहे, जपून वापरा, आणि गच्चीवरच्या टाकीचा फोटो टाकते. हसू नका, त्या फोटोनं तक्रारी बंद झाल्या. तेलुगू पाहुणे आले की शेजारच्या वहिनी येऊन त्यांच्याशी गप्पा मारतात, ते तर फुकटचं कस्टमर केअर!

आणि घाई करून दोन ठिकाणी टाकू नका. मी टाकलं. दोन्हीकडची कॅलेंडरं एकमेकांना जोडता येतात हे खरं, पण इकडचं बुकिंग तिकडं लगेच दिसत नाही, मध्ये काही तास जातात. आणि मी तर जोडलीच नव्हती, चूक माझीच. संक्रांतीला, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आलेली दोन कुटुंबं एकाच संध्याकाळी दारात, बॅगा खाली ठेवून एकमेकांकडं बघत उभी. एकांना शेंगाची चटणी नि कडक भाकरी देऊन बसवलं आणि दुसऱ्यांना रिक्षात घालून नणंदेकडं पाठवलं.

कागदाचं थोडक्यात सांगते. पॅन नंबर भराच, नाही भरला तर टीडीएस 5 टक्के कापतात, भरला आणि वर्षाची उलाढाल 5 लाखांच्या आत असली तर कापत नाहीत. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाईन फॉर्म भरून सरकारला कळवायची, पूर्वी त्याला फॉर्म सी म्हणत. आणि खोलीच्या आत कॅमेरा लावायचा नाही, एअरबीएनबी तर 2024 पासून घराच्या आत कुठंच चालू देत नाही.

आता मी एकाच ठिकाणी ठेवलंय, कुठं ते सांगत नाही, तुमचे पाहुणे वेगळे असतील. गड्ड्याच्या तारखा मात्र मी आत्ताच बंद करून टाकल्यात, कारण नणंदबाईंनी सांगितलंय, यंदा आमच्याकडं जागा नाही. बरं येते, नमस्कार.