आधी ठिणगी, मग पेट्रोल

[बॉनेट उघडलेलं. इंजिन चालू, पण अडखळत.]

नीट ऐका. ठोके पडताहेत, पण मध्येच एक गळतोय. मेकॅनिकच्या भाषेत गाडी मिसिंग मारते आहे. चार सिलिंडर, पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा एक कार्बोरेटर आणि पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या टिकल्यांवर, चालणारं ठिणगीचं इग्निशन. हौसेने जपलेल्या कितीतरी जुन्या गाड्यांमध्ये हाच संसार असतो. बिघाडाचा कोड दाखवणारा संगणक इथे नाही. इंजिनाला जे सांगायचं, ते आवाजातून, वासातून आणि ठिणगी टाकणाऱ्या प्लगच्या रंगातून.

अशा वेळी हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो वरच असतो, स्क्रूड्रायव्हर सहज पोचतो, फिरवला की आवाज लगेच बदलतो. नेमका म्हणूनच तो सगळ्यात शेवटी फिरवायचा. ठिणगी कमजोर असताना मिक्श्चर जुळवलं, तर एका दोषावर दुसरा दोष चढतो. मग मूळचा कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे शोधता शोधता दिवस जातो.

[गॅरेजचं दार सताड उघडं.]

इंजिन चालू राहणार असेल तर दार असंच उघडं हवं. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरायचं नाही; स्टँड लावायचेच.

[चार प्लग, काढले त्याच क्रमाने मांडलेले.]

पहिला, दुसरा आणि चौथा प्लग फिकट तपकिरी. म्हणजे तिथे ज्वलन ठीक आहे. तिसरा मात्र काळा, आणि त्याला कच्च्या पेट्रोलचा वास. पेट्रोल पोचलं, पण पेटलं नाही. कार्बोरेटर चारही सिलिंडरना एकच आहे. तो बिघडला असता तर काजळी एकट्या तिसऱ्यावर कशाला धरली असती? संशय आता एका सिलिंडरपुरता उरला.

प्लग बाहेर आहेतच, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो, ते पाहून घेऊ. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलची वायर काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग सेल्फ. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले की बहुतेक इंजिनांसाठी ते चांगलं लक्षण. एखादा फार कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. इथे आकडे जुळतात. इंजिन आतून धड आहे.

तिसरा प्लग पहिल्याच्या जागी बसवला, पहिला तिसऱ्यात. मिसिंग तिसऱ्यातच राहिलं, म्हणजे प्लग निर्दोष. आता गॅरेजमधला दिवा बंद करून इंजिन चालू करू. हात वायरपासून लांब.

[अंधार. तिसऱ्या वायरपाशी निळसर ठिणगी.]

ती पाहा! वायरचं आवरण तडकलंय आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता इंजिनाच्या लोखंडावर उडी घेते आहे. वायर बदलली आणि गळणारा ठोका परत आला.

तरी स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालताना, थरथर आहे. एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढू. पॉइंट इथेच असतात.

1910च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी मोटारीत आणलेली पॉइंट आणि कॉइलची ही युक्ती अनेक दशकं टिकली. पॉइंट उघडले की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि 12 व्होल्टमधून हजारो व्होल्ट उभे राहतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. इतकं काम इतक्याशा धातूच्या दोन टिकल्यांवर!

[क्लोजअप: पॉइंट.]

एका टिकलीवर खड्डा, दुसरीवर उंचवटा. अशा पॉइंटमध्ये फट मोजणाऱ्या फिलर गेजची पाती खरं माप देत नाही, म्हणून हे बदलायचे. पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर कमजोर असला तर नवे पॉइंटही लवकर जळतात, तेव्हा तोही सोबत बदललेला बरा. पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमचा उंचवटा बरोबर पॉइंटच्या टाचेखाली आणायचा आणि पॉइंटमधला गॅप लावायचा. अशा गाड्यांत तो साधारण 0.4 मिलिमीटर असतो, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. पाती अडकायला नको, पण सरकवताना किंचित ओढ जाणवायला हवी.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, त्यानंतर. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही.

आता इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज. समुद्रसपाटीला धड इंजिनाची सुई स्लोवर साधारण पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांवर स्थिर असते. इथे ती स्थिर आहे, पण 15वर. टायमिंग तर आत्ताच लावलंय. म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा आत जाते आहे. कार्बोरेटरच्या बुडाचे नट हाताला सैल लागतात. आवळले, सुई 19वर गेली.

आणि आता कार्बोरेटरचा तो मिक्श्चरचा स्क्रू. इंजिन पुरतं गरम, चोक पूर्ण उघडा. अडखळेपर्यंत हळूहळू आत, मग सगळ्यात मोकळं चालेल तिथपर्यंत बाहेर. चढलेला स्लो दुसऱ्या स्क्रूने खाली. थरथर थांबली.

काहीशे किलोमीटर झाले की डिस्ट्रिब्युटर पुन्हा उघडायचा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला घासून बसते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. तेव्हा गॅप, टायमिंग आणि तिसरा प्लग, तिन्ही पुन्हा तपासायचे.