दहा रकाने, 150 अक्षरं

(लॅपटॉपचा पडदा, कोरी चौकट)
या चौकटीत 150 अक्षरं मावतात. शब्द नव्हे, अक्षरं. तीही मोकळ्या जागा धरून. अमेरिकेतली बरीच निवडक कॉलेजं ज्या कॉमन अ‍ॅपवर अर्ज घेतात, त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी असे दहा रकाने असतात. पदाला 50 अक्षरं, संस्थेच्या नावाला 100.

(कर्सर खाली सरकतो)
खाली नववी ते बारावीच्या चार खुणा. मग आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. घोळ इथंच होतो. दहाही रकान्यांत बारा-बारा तास लिहिले, की झाले 120. शाळेचे 35 आणि झोपेचे 56 त्यात मिळवा: 211. आठवड्यात तास असतात 168! हंगामी खेळ तीन महिन्यांचा असेल तर 12 आठवडेच लिहायचे, 52 नाही. आणि अकरावीच्या उन्हाळ्यात घाईनं काढलेला ‘संस्थापक’ क्लब? नववी-दहावीच्या कोऱ्या खुणाच त्याचं वय सांगतात.

(कार्यशाळा, रोबोटचा हात उघडा)
चार वर्षं एकच टीम, पण काम बदलत गेलेलं. नववीत वायरिंग. दहावीत सेन्सरचं प्रोग्रॅमिंग. अकरावीत नव्या मुलांना सोल्डरिंग शिकवणं. निवडताना विचारायचं ते हेच: पुढच्या वर्षी इथं मला वेगळं काय करता येईल? नववीत पाच-सहा गोष्टी खुशाल करून पाहाव्यात. दहावी संपेपर्यंत दोन-तीन उरल्या तरी पुष्कळ. सगळे रकाने भरलेच पाहिजेत, असा नियम नाही.

(स्वयंपाकघर, टेबलाशी लहान भाऊ)
आता हे. रोज तीन तास, पाच दिवस, वर्षाचे 36 आठवडे: 540 तास. अर्जात उपक्रमाचा प्रकार निवडायची यादी असते; ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा पर्याय तिच्यात आहे, पगारी कामाचाही आहे. तरी मुलं ते लिहीत नाहीत, कारण त्याला पदक नसतं. ‘घरी मदत केली’ एवढ्यानं भागत नाही. ‘भावाला शाळेतून आणलं, जेवण केलं, वाचन घेतलं’ असं लिहावं. क्रियापदं आधी सुचली, की 150 अक्षरं पुरतात.

(वही, खोडलेल्या ओळी)
क्रम महत्त्वाचा, मनाच्या सगळ्यात जवळचं काम पहिल्या रकान्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात उपक्रम आणि पुरस्कार मिळून 20 नोंदी बसतात, वर्णनाला 350 अक्षरं. एमआयटी चारच उपक्रम विचारते. म्हणून मोठी यादी आधी वहीत करायची, तास तेव्हाच्या तेव्हा टिपायचे. तीन वर्षांनी आठवत नाहीत. प्रवेशात गुण आणि विषयांची काठिण्यपातळी यांचं वजन सहसा जास्त, उपक्रमांना किती महत्त्व ते बऱ्याच कॉलेजांच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेज स्वतःबद्दल जाहीर करतं त्या ठरावीक साच्याच्या माहितीत), सी7 तक्त्यात, छापलेलं असतं.

(पेन यादीवरून फिरतं, एक ओळ खोडतं)
अकरावी ओळ. ती गेली.