नोकरी सांभाळून गोधडी

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहते, अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअर्समधे 16 वर्षं नोकरी करतेय आणि गेली पाच वर्षं रात्री जेवणं आवरली की बाळाच्या गोधड्या शिवते, विकते. आज तेच बोलायचंय, कारण कंपनीत, बिल्डिंगमधे, लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, ताई मला पण काहीतरी सुरू करायचंय, मी तोरणं छान करते, मी वारली रंगवते, कुठून सुरुवात करू. आणि प्रत्येकीला आधी विक्रीची काळजी असते, घेईल का कोणी. मला विचाराल तर आधी घड्याळ बघा.

माझंच सांगते. पहिली गोधडी मी मैत्रिणीच्या मुलीच्या डोहाळजेवणाला दिली होती, तिथे एका बाईंनी बघितली, मला पण करून दे म्हणाल्या, किती घेशील, आणि मी पटकन बोलून गेले 400. का 400 तर तेव्हा तेवढेच सुचले. नंतर एकदा रविवारी वहीत मांडलं, आतला नवीन मलमलचा थर, दोरा, पिशवी मिळून 180 रुपये, राहिले 220, आणि शिवायला लागलेले तास 14. म्हणजे तासाला 16 रुपये सुद्धा नाही. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं, पैशापेक्षा याचं की त्या 14 तासांत मी मुलाचा अभ्यास घेतला नव्हता, सासूबाईंशी दोन शब्द बोलले नव्हते, आणि ते सगळं मी 16 रुपयांनी देऊन टाकलं होतं.

मग घड्याळाचा हिशोब केला. माझी जनरल शिफ्ट, साडेपाचला सुटते, घरी येऊन स्वयंपाक, म्हणजे रात्री 9 ते साडेदहा हे दीड तास माझे, ते पण आठवड्यातून पाचच दिवस, आणि रविवारी चार तास. झाले साडेअकरा. महिन्याचे 50 च्या आसपास. एका गोधडीला 14. म्हणजे महिन्याला तीन गोधड्या, कितीही ओढलं तरी तीनच, चौथी घेतली की ती झोपेतून जाणार आणि दुसऱ्या दिवशी स्टोअर्समधे मटेरियल इश्यू करताना चूक होणार, जी मी एकदा केलीये आणि परत करायची नाहीये. हे तीन कळलं त्या दिवसापासून माझं सगळं सोपं झालं. किंमत ठरली, तासाचे 80 धरून 1120 आणि सामान 180, असे 1300. जिला जास्त वाटतात ती घेत नाही आणि मला तीनच गिऱ्हाइकं हवी असतात हो महिन्याला, सगळ्या गावाला परवडायला पाहिजे असं नाही.

तुम्ही म्हणाल एवढे 14 तास कशाला लागतात, मशीनवर अर्ध्या दिवसात होते. होते की. पण हाताची गोधडी वेगळी बसते अंगाला. जुनी सुती साडी घ्यायची, वीस वीस वर्षं धुवून मऊ पडलेली, एका नऊवारीत बाळाच्या दोन गोधड्या आरामात निघतात. साडी उजेडासमोर धरून बघायची, जिथे विरलीये तो भाग काढायचा. मग थर एकावर एक अंथरून, सुरकुती काढून, लांब लांब कच्चे टाके घालून आधी सगळं टाचून घ्यायचं, इथे घाई केली की शेवटी मधोमध फुगा येतो आणि तो काही केल्या बसत नाही, उसवावंच लागतं. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत आत मधे पोचायचं. टाका जेवढा बारीक तेवढी गोधडी टिकते, बाळाचं बोट दोऱ्यात अडकत नाही. बऱ्याच जणी सांगतात येवल्याच्या पैठणीचे काठ लावा, येवला आपल्याच जिल्ह्यातलं, दिसतं पण भारी, पण मी लावत नाही. जरीचा काठ बाळाला टोचतो आणि गोधडी रोज धुवायची वस्तू, रेशमाचं वाटोळं होतं. मोठ्यांच्या पर्सला लावा खुशाल.

आता नोकरीचं, कारण इथे लोक गाफील राहतात. तुमचं अपॉइंटमेंट लेटर कपाटातून काढा आणि वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या लेटरमधे एक ओळ असते की लेखी परवानगीशिवाय दुसरा कामधंदा करायचा नाही. माझ्या पण होती. मी सरळ अर्ज दिला, घरी फावल्या वेळात शिवणकाम करते, कंपनीच्या धंद्याशी संबंध नाही, ड्युटीच्या वेळेत करणार नाही, आणि लेखी उत्तर येईपर्यंत एकही ऑर्डर घेतली नाही. तोंडी हो म्हणणारे साहेब बदलून जातात, कागद राहतो. सरकारी नोकरीत असाल तर जास्तच जपा, राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना 1979 चे वर्तणूक नियम लागू आहेत, खाजगी धंद्याला आधी मंजुरी लागते. शाळा, झेडपी, कलेक्टर ऑफिस कुठेही असाल तर आधी आस्थापना शाखेत विचारा. आणि कंपनीतले रिकामे खोके, टेप, प्रिंटर यातलं काही म्हणजे काही आपल्या पार्सलसाठी वापरू नका. मी स्टोअर्सची बाई आहे, मला माहितीये एका टेपच्या रोलवरून किती बोलणी ऐकावी लागतात.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, जुलै 2020 पासून ऑनलाइन आहे, आधारवर होते आणि फुकट आहे, कोणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. जीएसटीची नोंदणी राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला साधारण 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, तिथपर्यंत आपण कुठे पोचतोय. फक्त मोठ्या ऑनलाइन साइटवर विकायचं झालं तर त्यांचे नियम वेगळे आहेत, एकदा सीएला विचारून घ्या. पण इन्कम टॅक्सचं लपवू नका. पगाराबरोबर धंद्याची कमाई असेल तर नेहमीचा साधा आयटीआर-1 चालत नाही, दुसरा फॉर्म लागतो. त्यासाठी वही ठेवा, दोरा आणला 40, पेमेंट आलं 1300, तारखेसकट. आणि गोधडीच्या पैशाला वेगळं बँक खातं, नाहीतर ते दूध-किराण्यात कुठे विरघळतात कळत पण नाही.

विक्रीचं म्हणाल तर मी स्टॉल लावून बघितलाय. एका प्रदर्शनात दोन दिवसांचं भाडं 3000 भरलं, जागा मिळाली मागच्या रांगेत जनरेटरशेजारी, दोन दिवसांत एक गोधडी गेली. आणि वर तो अख्खा शनिवार रविवार गेला, रजेसकट. हजारो वस्तू असतील त्यांना स्टॉल ठीक आहे, महिन्याला तीन करणारीला नाही. माझ्या ऑर्डरी येतात बारशातून. एका बारशात गोधडी दिसली की तिथल्या दोघी-तिघी नंबर घेतात, व्हॉट्सअॅपवर स्टेटस टाकते, बस. निम्मे पैसे आधी, उरलेले देताना, क्यूआर कोडवर. कंपनीतल्या मैत्रिणींना पण हाच नियम, पगार झाला की देते असं म्हणाल्या तर पगार झाल्यावर घेते ऑर्डर. बाहेरगावी पाठवायची तर खोका छोटा घ्या, कुरिअरवाले बरेचदा लांबी रुंदी उंची गुणून 5000 ने भागतात आणि वजनापेक्षा तो आकडा मोठा आला तर त्याचे पैसे लावतात, गोधडी दाबून घडी घातली की खूप वाचतात.

मोसम पण धरा. पावसाळ्यात साड्या वाळत नाहीत, कुबट वास राहिला तर तो शेवटपर्यंत जात नाही, म्हणून मी जून ते सप्टेंबर महिन्याला दोनच ऑर्डरी घेते. दिवाळी झाली, थंडी पडून निफाडचा पारा पेपरात यायला लागला, की फोन सुरू होतात. आता सगळे म्हणतायत 2027 चा कुंभमेळा येतोय, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, एवढी गर्दी, भरपूर माल करून ठेव. ज्यांचा तोच पूर्णवेळ धंदा आहे त्यांनी जरूर करावा. मी नाही करणार. कुंभ आला म्हणून माझे रात्रीचे दीड तास काही तीन होणार नाहीत, आणि माणसं लावून शिवून घेतली तर माझ्या हातची म्हणून कशी विकू.

मागच्या आठवड्यात पाथर्डी फाट्याहून एक बाई आल्या, आईची नऊवारी घेऊन. आई दिवाळीआधी गेली, मुलीला सातवा महिना. म्हणाल्या, कापाल तेव्हा पदर माझा मला परत द्या. जानेवारीपर्यंतच्या माझ्या महिन्याच्या तीन-तीन ऑर्डरी भरल्यात, तसं स्पष्ट सांगितलं, त्या थांबायला तयार झाल्या, फेब्रुवारीच्या पानावर त्यांचं नाव लिहिलंय. साडी धुवून घडी करून ठेवलीये, पदर आधीच वेगळा काढून. आज रात्री मात्र आधीच्या एका गोधडीचा चौथा कोपरा राहिलाय, तो नऊला घ्यायचाय. येते मी. नमस्कार.