फुटलेली वीट आणि शोधाची नोंद

अध्यक्ष महोदय आणि रसिक श्रोतेहो,

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय ‘प्लॅटफॉर्म खेळांची रचना’ असा भारदस्त छापला असला, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या व्हिडिओ खेळांची रचना, तरी मी त्यातल्या एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे आणि ती वस्तू म्हणजे फुटणारी वीट. चार खेळांतल्या विटांची तुलना करतो, असा शब्द मी संयोजकांना दिला आहे. तो पाळण्याचा माझा मनापासून प्रयत्न राहील. मात्र अंबाजोगाईच्या श्रोत्यांसमोर वक्ता वेळेत संपवतो, असा या गावाचा लौकिक नाही.

निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ 1985 साली आला. त्याचा नायक मारिओ लहान असताना विटेखालून उडी मारतो, तेव्हा वीट जराशी वर उचलली जाते आणि पुन्हा जागेवर बसते. अळिंबी खाऊन तो मोठा झाला की तीच वीट त्याच उडीने फुटते, तिचे चार तुकडे हवेत उडतात आणि खेळाडूला 50 गुण मिळतात. तो वीट डोक्याने फोडतो असे आमच्या पिढीतील बहुतेकांना वाटत आले; चित्र नीट पाहिले तर त्याची मूठ वर उगारलेली दिसते. या मुद्द्यावर परभणीत एके काळी मैत्री तुटण्याची वेळ आली होती, म्हणून तो येथे जाहीरपणे निकालात काढतो.

आता खरी गंमत पाहा. काही विटांच्या पोटात नाणी असतात, काहींच्या पोटात अळिंबी किंवा तारा असतो, आणि बाहेरून त्या इतर विटांसारख्याच दिसतात. ज्या विटेत काही दडलेले आहे ती फुटत नाही. आतले देऊन झाले की ती निर्जीव ठोकळा बनून तेथेच राहते. शिवाय हे आतले धन लहान मारिओलाही मिळते. याचा अर्थ असा की फुटते ती केवळ रिकामी वीट. मग मोठे होऊन नेमके काय साधले? नाण्याचे 200 आणि रिकाम्या विटेचे 50, हा गुणांचा हिशेब मला पुरेसा वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की फुटण्याने शोधाची नोंद होते. लहान मारिओने दहा विटा ठोकल्या तर कोणत्या ठोकून झाल्या हे खेळाडूला ध्यानात ठेवावे लागते. मोठा मारिओ तपासलेली वीट पडद्यावरून पुसूनच टाकतो. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने पडक्या गढीची भिंत रात्री उकरणारा माणूस पहाटेपूर्वी खड्डा बुजवतो, जेणेकरून तो कोठे शोधत होता हे गावाला कळू नये. मारिओला ही सोय नाही. त्याचा लोभ आणि त्याची निराशा दोन्ही पडद्यावर उघडी राहतात.

येथे एक जुनी तक्रार मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. परभणीत आम्ही ज्या दुकानात तासाच्या भाड्याने हा खेळ खेळत असू, तेथील मालक लोडशेडिंगचा वेळही आमच्याच तासात धरत. या खेळात प्रगती जतन करण्याची सोय नव्हती, त्यामुळे लाईट गेली की आम्ही फोडलेल्या झाडून सगळ्या विटा पुन्हा जागेवर येत. आमच्यातला एक मुलगा वाटेतली एकही वीट न ठोकता पुढे जात नसे, शत्रू अंगावर आला तरी रांग पूर्ण करत असे. खेळाच्या चौथ्या ‘जगा’पर्यंत, म्हणजे चौथ्या टप्प्यापर्यंत, पोहोचलेल्या त्याच्या डावाचा पडदा एकदा टिपकन विझला. लाईट आल्यावर पहिल्या पातळीची पहिली रांग अखंड पाहून तो रागावला तो मालकावर नव्हे, विटांवर. आणि त्याने त्या पुन्हा, त्याच क्रमाने ठोकायला घेतल्या. मालक म्हणाले, “अरे, पुढं जा की, विटा कशाला मोजायलास?” या प्रश्नाचे उत्तर मी आज देत आहे. जाता जाता सांगतो, मूळ खेळासोबतच्या पुस्तिकेत असे लिहिले आहे की अळिंबी राज्यातील शांतताप्रिय प्रजेला काळ्या जादूने दगड आणि विटा बनवले गेले. आमच्याकडे कॅसेट पुस्तिकेशिवाय येत, त्यामुळे आम्ही ती प्रजा निर्धास्तपणे फोडली.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा तुलना आता धावत्या गतीने करावी लागेल.

नोंद ठेवायची तर जागा लागते. पहिला मारिओ ज्या यंत्रावर चाले, त्या यंत्रात कामापुरती मेमरी अवघी 2 किलोबाइट होती आणि या खेळात पडदा मागे सरकतच नाही. मागे पडलेली वीट फुटली होती की शाबूत होती, हे यंत्राला विसरता येते. 1988 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’ मध्ये बहुतेक ठिकाणी मागे जाता येते, आणि त्यासाठी कॅसेटमध्येच जादा मेमरी बसवलेली आहे. त्यातच एक बटण असे आहे की ते दाबल्यावर काही काळ विटांची नाणी होतात आणि नाण्यांच्या विटा; म्हणजे पायाखालचा रस्ता आणि हातातले धन यांची अदलाबदल होते. 1986 च्या ‘मेट्रॉइड’मध्ये गोळीने फोडलेले ठोकळे थोड्या वेळाने आपोआप भरून येतात, तेथे शोधाची नोंद टिकत नाही. 1990 च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मधील पिवळा ठोकळा खालून मारल्यावर फुटत नाही, काही क्षण गरगर फिरतो आणि तेवढ्यात त्यातून आरपार जाता येते, मोठ्या मारिओने वरून गिरकीची उडी घेतली तरच तो फुटतो, आणि त्यामुळे फोडणे हा खाली उतरण्याचा मार्ग ठरतो.

फुटणाऱ्या भिंतीवर आधीच तडा रंगवून ठेवण्याची अलीकडची पद्धत मला मान्य नाही, कारण तेथे खेळाडू शोधत नाही, सांगितलेले काम उरकतो. यावर मतभेद असणार हे समोरच्या तरुण मंडळींच्या चेहऱ्यांवरून दिसतेच आहे. अध्यक्ष उभे राहिले आहेत, म्हणून उरलेले भांडण आपण बाहेर चहाच्या टेबलापाशी करू.