साडेसहाशेचे ब्रेक पॅड आणि चिखलदऱ्याचा उतार

(टेबलावर दोन डबे, दोन्ही उघडे)

नमस्कार मंडळी. हे दोन ब्रेक पॅड पाहा. यातला कंपनीचा कोणता आणि लोकल कोणता, हे तुम्हाला स्क्रीनवर ओळखता येणार नाही. लाजू नका, मलाही हातात घेऊन ओळखता आलं नव्हतं. एक सेट साडेसहाशेचा, दुसरा दोन हजारांच्या वर, आणि दोन्ही माझ्याच गाडीचे. दुकानदार म्हणाला, "भाऊ, काहून कंपनीला फुकटचे पैसे देऊन राहिले? माल सेमच आहे." मला तेच ऐकायचं होतं. घेतला साडेसहाशेचा.

दोन महिने काही म्हणजे काही झालं नाही. नागपूरच्या आत ब्रेकचा कस लागतोच कुठे? सपाट सिमेंट रोड, सिग्नल, मध्येच निवांत बसलेली गाय. मी तर चार मित्रांना सांगूनही टाकलं की ओरिजनल वगैरे सगळी लूट आहे.

मग आम्ही चिखलदऱ्याला गेलो. गाडीत पाच जण, डिकी गच्च. चढताना ब्रेकला कामच नसतं. परत येताना, परतवाड्याकडे उतरताना, पाच-सहा वळणं झाली आणि जळका वास यायला लागला. मला वाटलं समोरच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी थांबायचं नाव घेईना. मागून वहिनी विचारून राहिली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, व्ह्यू पाहून राहिलो." गिअर दुसऱ्यावर आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेला घेतली. अर्धा तास तिथेच बसलो. व्ह्यू खरंच छान होता.

आता हे झालं कसं, ते नीट सांगतो.

(पॅड कॅमेऱ्याजवळ)

ही मागची लोखंडी पट्टी, आणि हा तिच्यावर बसवलेला मसाला. यात धातूचा चुरा असतो, तंतू असतात, ग्राफाइट असतं, आणि या सगळ्याला धरून ठेवणारं रेझिन. खरा पैसा या मसाल्याचा आहे, आणि तो डोळ्याला दिसत नाही. पॅड फार तापला की रेझिनमधून वायू सुटतो. हलक्या पॅडमध्ये ही वेळ लवकर येते. तो वायू पॅड आणि डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, यांच्या मध्ये अडकतो, पकड जाते. तुम्ही पेडल दाबता, दाब पोचतो, पण पॅड नुसता घसरत राहतो.

पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर तो आजार वेगळा. तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 या दर्जाचं ताजं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये, असं त्याचं मानक सांगतं. ओलावा शिरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा 155 वर येते. म्हणजे तेल चार वर्षं बदललंच नसेल, तर दोन हजारांचे पॅडही तुम्हाला वाचवणार नाहीत. ही चूक माझ्या ओळखीतले निम्मे लोक करतात.

आणि घाटात जात नाही म्हणून सुटलो, असं समजू नका. समृद्धी महामार्ग आपल्या दारातूनच सुरू होतो, कारला 120 ची मुभा आहे. 60 वरून गाडी थांबवताना ब्रेकला जेवढी उष्णता पचवावी लागते, त्याच्या चौपट 120 वरून लागते. वेग दुप्पट, उष्णता चौपट.

मग काय, प्रत्येक स्क्रू शोरूममधूनच घ्यायचा? नाही ना भाऊ. इथेच लोकांची गल्लत होते. गाडीवर जिचं नाव असतं ती कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. गॅब्रिएल शॉकअप बनवते, सुब्रोस एसीचं सामान बनवते, लुमॅक्स दिवे बनवते. हा माल कार कंपनीच्या डब्यात जातो, आणि त्याच बनवणाऱ्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या डब्यातही मिळतो, बहुतेक वेळा स्वस्तात. काउंटरवर "ओईएमचा दाखवा" म्हणालात (म्हणजे मूळ बनवणाऱ्या कंपनीचा) की दुकानदार समजतो.

बनवणाऱ्याचा हा स्वतःचा डबा बाजारात सहज मिळू नये म्हणूनही प्रयत्न झालेत, बरं का. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड लावला होता. खुल्या बाजारात सुटे भाग मिळू न देणं, हा त्यातला मुख्य मुद्दा. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते सोडा. पण "बाहेरचा पार्ट म्हणजे डुप्लिकेट" हे वाक्य काउंटरमागून कोण बोलून राहिलं, तेही पाहत जा.

म्हणून मी आता भाव विचारायच्या आधी एकच पाहतो: हा पार्ट चालत्या गाडीत गेला तर काय होईल? वायपर गेला तर? चिडचिड होईल. आपल्या उन्हात रबर तसंही मेपर्यंत तडकतं, मृगाच्या आधी स्वस्तातली जोडी घाला, मोकळे व्हा. आरशाची काच, मडगार्ड, फूटमॅट, लोकल चालतं. बंपरही चालतो, पण त्यात रडार किंवा सेन्सर असतील तर तिथे काटकसर नको. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा पट्टा, मात्र? बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. काही हजार वाचवायला गेलात आणि इंजिनचं हेड उघडायची वेळ आली.

एक छोटी वस्तू सगळे विसरतात. रेडिएटरचं झाकण. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा, बारमध्ये. 0.9 च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं, शंभरला नाही. स्वस्त झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की ती सगळी सवलत गेली. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या पुढे, एसी फुल, वर्धा रोडवर ट्रॅफिक. सुई लाल रेषेवर, आणि मिस्त्री म्हणतो रेडिएटर बदला. आधी झाकण बदला बाप्पा.

आता नकली माल. लोकल वेगळा आणि नकली वेगळा. लोकलवाला स्वतःच्या नावाने विकतो, नकलीवाला दुसऱ्याच्या. डब्यावरचा पार्ट नंबर तुमच्या गाडीच्या नंबरशी जुळवा. एमआरपीचं स्टिकर दुसऱ्या स्टिकरवर चिकटवलंय का पाहा. जुना पार्ट सोबत न्या, हातात तोलून पाहा, वजनात फरक कळतो.

आणि बिल. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. म्हणून काउंटरवर ऑफर येते, "बिल नको असेल तर तेवढे कमी करतो." 

(साडेसहाशेचा डबा हातात)

हे पॅड घेऊन मी त्या दुकानात परत गेलो होतो. पॅडचा मसाला काचेसारखा चकचकीत झाला होता, कडेला तडे. दुकानदाराने शांतपणे पाहिलं, चहा मागवला, आणि विचारलं, "बिल आहे का?"

चहा पिऊन घरी आलो.