विरी गेलेलं पीठ

मंगळवेढ्याजवळची एक चूल. परातीत ज्वारीचं पीठ, त्यात कढत पाणी. मावशी तळहातानं रगडून रगडून पीठ मळतायत. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं, ज्वारीत ते नसतं. म्हणून पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, यावा यासाठी हे कढत पाणी आणि ही मेहनत. थापलेली भाकरी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो. मग उलटून निखाऱ्याशी धरली की टम्म फुगते.

इथल्या काळ्या रानात रब्बीला मालदांडी ज्वारी पिकते, बरीचशी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच. साठेक वर्षांपूर्वी इकडं भाकरी म्हणजेच जेवण. पोळी सणाला, नाहीतर जावई आला की.

1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली. तिचं नाव मिलो. तिकडं ही जनावरांना घालतात, असं लोक एकमेकांना सांगत आणि घरी जाऊन तिचीच भाकरी खात. दुष्काळी कामांवर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ, मिळे. त्या पिढीसमोर आजही सुकडीचं नाव काढून बघा!

ज्वारीवर संशय मात्र त्याआधीच आला होता. दख्खनच्या पठारावर, जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसे. मान, हात, जिथं ऊन लागेल तिथली कातडी काळी पडून सोलायची. नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडलं की हा आजार होतो. मका खाणाऱ्यांत तो जगाला ठाऊक होता. ज्वारी खाणाऱ्यांत का? 1960 साली हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी बोट ठेवलं ज्वारीतल्या ल्यूसिनवर. हे अमिनो आम्ल जास्त झालं की शरीरातलं नायसिनचं गणित बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पुढं त्यावर बराच वाद झाला. ताटात भाकरीशिवाय फारसं काही नव्हतं, याबद्दल मात्र वाद नव्हता.

मग रेशनचा गहू घरोघरी आला, पाणी पोचलं तिथं ज्वारीच्या रानात ऊस शिरला. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं. आता हीच ज्वारी शहरात चकचकीत पाकिटातून विकली जाते, वर ‘ग्लुटेन फ्री’ असं ठळक अक्षरांत.

मावशींची सून पुण्यात असते. तिनं असलंच एक पाकीट आणून भाकरी थापायला घेतली, तर कडांना चिरा. तिनं फोन लावला, “आई, भाकरी मोडतीये ओ.”

मावशी हसल्या. “पीठ कवा दळलंय ते बघ आधी. विरी गेलीया त्याची.”