माऊस कुणाच्या हातात?

(दृश्य: सकाळचं मार्केट यार्ड, सांगली. हळदीच्या पोत्यांची थप्पी, वजनकाटा. काट्यामागं एक टेबल, त्यावर जुना कॉम्प्युटर. की-बोर्डच्या फटींतून हळदीची पिवळी पूड.)

निवेदन:

सौदा सुरू व्हायला अजून अवकाश आहे. हमाल मंडळी चहाला गेलीत. या टेबलाशी बसून मी अठरा वर्षं हिशेबपट्ट्या लिहिते. शेतकऱ्याचं नाव, गाव, किती पोती, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, राहिली ती रक्कम. आधी हे सगळं वहीत होतं, आता कॉम्प्युटरवर आहे. मी कॉम्प्युटर पहिल्यांदा शिकायला गेले त्या दिवसापासून तो खरोखर वापरायला लागेपर्यंत मध्ये अकरा वर्षं गेली. एवढी वर्षं जायला नको होती.

२००८ साली मी एका क्लासला नाव घातलं. तीन महिने गेले, परीक्षा पास झाले, सर्टिफिकेट मिळालं. सर स्वभावानं चांगले होते. पण एका मशीनला आम्ही तिघी, आणि दारात पुढची बॅच उभी. माझा हात जरा अडखळला की सर मागून यायचे, माऊस घ्यायचे, टक टक टक, "हं, झालं. समजलं ना?" मी मान हलवायची. घरी मुलगाही तेच करायचा. "आई, दे इकडं, मी करतो." प्रेमानंच करायचा तो. काम व्हायचं, पण ते त्याच्या हाताला यायचं. माझा हात रिकामाच.

मला एक साधा प्रश्न विचारायचा होता. मी टाईप केलेलं, मशीन बंद केल्यावर जातं कुठं? तीन महिन्यांत तो विचारला नाही. इतका साधा प्रश्न विचारला तर लोक काय म्हणतील, असं वाटायचं. सर्टिफिकेट कपाटात गेलं आणि मी वहीकडं परत आले.

(दृश्य: कृष्णेचा घाट, आयर्विन पूल. मग फुगलेली, शाई पसरलेली एक जुनी वही, पान पानाला चिकटलेलं.)

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. आमच्या जुन्या वह्या शेठच्या गावभागातल्या घरी, खालच्या खोलीत होत्या. पाणी उतरल्यावर आम्ही त्या उन्हात टाकल्या, पान न् पान सोडवायला बघितलं. ही त्यातली एक. इथं कुणाचं तरी नाव होतं. शेठ म्हणाले, "ताई, आता वही नको. कॉम्प्युटरवर घ्या."

घेतलं. अडखळत, एका बोटानं. दुकानात एक जुना मराठी फाँट होता, त्यात पट्ट्या करायला लागले. एक दिवस पट्टीची फाईल शेठच्या घरच्या मशीनवर उघडली, तर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलरची खूण. मला वाटलं, माझ्याच हातून काही बिघडलं. नवशिक्या माणसाला नेहमी असंच वाटतं. मशीन चुकलं तरी तो स्वतःकडं बोट दाखवतो.

(दृश्य: जुन्या इमारतीचा लाकडी जिना, वर वाचनालयाचा हॉल. रविवार. दहा-बारा माणसं, पाच-सहा लॅपटॉप.)

हा हॉल मला शेजारच्या मुलीनं दाखवला. २०२२ च्या पावसाळ्यात. इंजिनिअरिंगची काही मुलं-मुली रविवारी इथं बसायची, ज्याला कॉम्प्युटरचं काही अडलंय त्यानं यावं. फी नाही, बॅच नाही, फळ्यावर नाव नाही. मी पिशवीत त्या बिघडलेल्या पट्टीचा कागद घेऊन गेले होते.

माझ्याशेजारी एक मुलगी येऊन बसली. म्हणाली, "काकू, तुम्ही करा, मी बघते." आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. मी चुकीच्या जागी क्लिक केलं, तिचे हात मागंच. फाईल सापडेना, मी इकडं तिकडं फिरतेय, दोन मिनिटं गेली, तिचे हात मागंच. फक्त विचारायची, "आता पडद्यावर काय लिहून आलंय? वाचून दाखवा." नंतर कळलं, तिथं तो नियमच होता. शिकणाऱ्याच्या हातातला माऊस घ्यायचा नाही. फार घाई झाली तर आपलेच हात बांधायचे.

त्या दिवशी मी माझा चौदा वर्षं जुना प्रश्न विचारला. कुणी हसलं नाही. एक मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही पाटीवर लिहिता आणि वहीत उतरवता, तसं आहे." टाईप करतो ते आधी रॅममध्ये, म्हणजे पाटीवर. वीज गेली की पाटी कोरी. सेव्ह केलं की डिस्कवर उतरतं, ते वीज गेली तरी राहतं. एवढंच. लोडशेडिंगमध्ये माझ्या किती पट्ट्या का गेल्या, ते त्या एका वाक्यात कळलं.

(दृश्य: हिशेबपट्टीची पाठकोरी बाजू. पेन्सिलीनं लिहिलेले सहा आकडे.)

आणि हा कागद. तो मी जपून ठेवलाय.

त्या मुलीनं मला सांगितलं, कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुना फाँट म्हणजे इंग्रजी अक्षराला घातलेला मराठी मुखवटा. आत आकडा इंग्रजी अक्षराचाच असतो. ज्या मशीनवर तो फाँट नाही तिथं मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी दिसतं. म्हणजे माझी पट्टी बिघडलीच नव्हती.

यावर उपाय युनिकोड. त्यात जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना प्रत्येकी स्वतःचा क्रमांक दिलाय. देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्यात, २३०४ पासून २४३१ पर्यंत. 'क' चा क्रमांक २३२५. तो सांगलीतही २३२५ आणि शिकागोतही २३२५. मग तिनं मला 'सांगली' लिहायला लावलं आणि प्रत्येक खुणेचा क्रमांक मी स्वतः शोधला. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे हिशेबाचे तक्ते करायच्या प्रोग्रॅममध्ये, युनिकोड नावाचं सूत्रच आहे, अक्षर द्या, आकडा येतो. 'स' २३६०. काना २३६६. अनुस्वार २३०६. 'ग' २३२७. 'ल' २३५४. दुसरी वेलांटी २३६८. आपल्याला अक्षरं तीन दिसतात, मशीनला खुणा सहा. बाईट म्हणजे साठवणीचं माप. साठवताना प्रचलित पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाईट, म्हणजे सांगलीला अठरा बाईट लागतात.

एवढी वर्षं आकड्यांत काढलेल्या बाईला हे कळलं तेव्हा काय वाटलं असेल! आपल्या गावाचं नाव म्हणजे सहा आकड्यांची पट्टी. मला तर कॉम्प्युटर त्या क्षणी ओळखीचा झाला. तोही हिशेबच लिहितो.

(दृश्य: संध्याकाळ, विष्णुदास भावे नाट्यमंदिराची दर्शनी बाजू.)

आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सांगलीत मराठी नाटकाचा प्रयोग केला, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. त्याच १८४३ साली इंग्लंडमध्ये एडा लव्हलेस या बाईंनी चार्ल्स बॅबेज यांच्या हिशेब करणाऱ्या यंत्रासाठी गणिताची एक क्रमवार कृती लिहून छापली. ते यंत्र तोवर बांधूनही झालं नव्हतं, पुढंही पूर्ण झालं नाही. पण तिला जगातला पहिला प्रोग्रॅम मानणारे पुष्कळ आहेत. हॉलमधल्या एका मुलानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, मग ही संहिताच झाली की. नट अजून यायचाय, पण कुणी कुठून यायचं, काय म्हणायचं, ते आधीच लिहून ठेवलंय.

(दृश्य: हॉलमधली माणसं. कुणीतरी डब्यातलं भडंग कागदावर ओततं.)

ही पोरं रविवार का घालवतात, असं मी विचारलं. ती म्हणाली, आम्हीही असंच कुणाकडून तरी शिकलो. इथंच विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात वालचंद लिनक्स युझर्स ग्रुप म्हणून विद्यार्थ्यांचाच गट आहे. लिनक्स म्हणजे एक ऑपरेटिंग सिस्टिम, सगळा कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम. वरच्या वर्गातले खालच्यांना शिकवतात. असे लिनक्सचे गट जगभर आहेत, पुण्यातही आहे. ही पद्धत लिनक्सच्या जन्मातच आहे. २५ ऑगस्ट १९९१ ला फिनलंडमधल्या लायनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लोकांना कळवलं, मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, तुम्हाला त्यात काय हवंय ते सांगा. लोकांनी सांगितलं, नुसतं सांगितलं नाही तर लिहूनही पाठवलं. आज आपल्या अँड्रॉईड फोनच्या पोटात लिनक्स आहे, आणि जगातले सर्वांत वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात.

सगळीकडं गोडीच असते असं मात्र नाही. 'एवढंही येत नाही का' म्हणणारे गट आहेत, आणि तिथून माणसं कायमची निघून जातात. खुद्द टॉरव्हाल्ड्स सहकाऱ्यांना फार टाकून बोलायचे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही दिवस कामातून बाजूला झाले, आणि त्याच सुमाराला लिनक्सच्या कामासाठी वागण्याचे नियम लिहिले गेले. एवढ्या मोठ्या माणसालाही बोलायची रीत नव्यानं शिकावी लागली. म्हणून कुठल्याही गटात गेलात तर आधी त्यांचे हे नियम आहेत का ते बघा, आणि नवीन माणसाच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर कसं मिळतं ते ऐका. तिथं जीव रमेल की नाही, ते तेवढ्यात कळतं.

विचारण्याचीही एक रीत आहे. 'चालत नाही' म्हटलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. मी काय करायला गेले, कुठं क्लिक केलं, पडद्यावर कोणती ओळ आली, ती ओळ अक्षर न् अक्षर उतरवायची. डॉक्टरकडं आपण 'बरं नाही' एवढंच सांगून थांबत नाही ना? मी अजून पट्टीच्या मागं लिहून नेते.

आणि जिथं असा हॉल नाही, तिथं काय? आयआयटी मुंबईत सुरू झालेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतही आहेत, फुकट. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपलं काम. थोडं बघायचं, थांबवायचं, तेवढंच आपण करायचं. मी कॅल्क असंच पक्कं केलं, रात्री भांडी घासून झाल्यावर. धडा थांबवला की तो थांबतो. मागं पुढची बॅच उभी नसते.

(दृश्य: पुन्हा मार्केट यार्ड. दुपार. सौदा संपलाय. टेबलाशी एक वयस्कर हमाल मामा, टोपी नीट करत खुर्चीवर बसलेत.)

आमचे हमाल मामा महिनाभर लांबून बघत होते. काल म्हणाले, "ताई, आमचं गाव लिवता यील का यात?" म्हटलं, बसा की. ते म्हैसाळचे. हळदीनं पिवळी झालेली बोटं एकेक कळ शोधतात. 'म' सापडायला बराच वेळ लागला. माझा हात दोनदा पुढं गेला, दोन्ही वेळा मागं घेतला.

लिहिलं त्यांनी. म्हैसाळ. मग म्हणाले, पुसायचं कसं? मी कळ दाखवली. एकदा दाबली, 'ळ' गेला. दुसऱ्यांदा दाबली, 'सा' चा नुसता काना गेला, 'स' तिथंच.

मामांनी पडद्याकडं निरखून बघितलं. "आता म्हैसच ऱ्हायली की वो ताई."

आणि त्यांनी काना शोधायला पुन्हा की-बोर्डवर बोट फिरवायला सुरुवात केली.